फोटोखालची ओळ

बेंगळुरूच्या दक्षिणेला बेगूर आहे. एके काळचे स्वतंत्र गाव, आता शहरातच जमा झालेले. तिथल्या नागेश्वर मंदिराच्या आवारात इसवी सन 890 च्या आसपासचा एक कन्नड शिलालेख आहे. गंग राजवटीतल्या नागत्तर नावाच्या अधिकाऱ्याच्या घरातला एक माणूस 'बेंगळुरूच्या लढाईत' पडला, अशी त्यात नोंद आहे. या महानगराच्या नावाचा आज ठाऊक असलेला सर्वांत जुना उल्लेख तो हाच. शहराचे नाव आपल्याला प्रथम भेटते ते एका घरातल्या मृत्यूच्या नोंदीत. आता त्याच्या शेजारी महाराष्ट्रातले वीरगळ ठेवून पाहावेत. गावोगावच्या देवळांबाहेर ते उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. कोरीव काम पुष्कळदा सुरेख असते, पण बहुतेकांवर एक अक्षरही नसते. कोण पडला, कोणाशी लढताना पडला, त्याच्यामागे घरात कोण उरले, यातले काही कळायला मार्ग नाही. पुढे गावाने शेंदूर लावून त्याचा देव केला, तेव्हा दगड वाचला आणि माणूस कायमचा हरवला. ज्या घराने तो दगड उभा केला, त्या घराला वाटले असणार की हा कोण ते सगळ्यांना माहीतच आहे. वाळवी, पूर आणि आग यांनी कुटुंबांच्या आठवणींचे नुकसान केले खरे, पण त्या सगळ्यांहून जास्त नुकसान या 'माहीतच आहे'ने केले, असे माझे मत आहे.

डिजिटल स्क्रॅपबुकाचा विचार या जुन्या दगडांपासून सुरू करण्याचे कारण हेच. ज्याला आपण शाळेत चिकटवही म्हणत होतो, तीच आता पडद्यावर तयार होते. फोटो, पत्राचे स्कॅन, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, आजोबांच्या पगाराची पावती, आजीच्या हातची पाककृती हे सारे एका पानावर मांडायचे, कडेला चार ओळी लिहायच्या, जमले तर आवाजाचा एखादा तुकडा जोडायचा आणि नातेवाइकांना पाठवायचे. बेंगळुरूसारख्या शहरात, जिथे घरातले एक माणूस पुण्याला, एक बेळगावला आणि एक सिअ‍ॅटलला असते, तिथे या कामाकडे लोक ओढले जातात यात नवल नाही. याकडे बहुतेकदा छंद म्हणून पाहिले जाते, सजावटीचा, फावल्या वेळेचा. माझे म्हणणे असे आहे की आपल्याकडे कुटुंबाची स्मृती राखण्याची फार जुनी आणि शिस्तीची रीत आहे आणि डिजिटल चिकटवही त्या रीतीची वारस होऊ शकते. मात्र त्यासाठी तिने चित्रापेक्षा चित्राखालच्या ओळीला मोठे मानले पाहिजे. इतिहासातला पुरावा सगळा त्या ओळीच्या बाजूने आहे.

खुद्द बेंगळुरूतले सर्वांत गाजलेले मराठी कुटुंब घ्या. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढची सुमारे पंचवीस वर्षे शहाजीराजांचा मुक्काम मुख्यतः इथेच. जिजाबाई आणि बालशिवाजी काही काळ इथे राहून गेले. 1664 मध्ये शहाजीराजांचा मृत्यू झाला, तोही कर्नाटकातच, होदिगेरेला. धाकटे पुत्र एकोजी 1675 च्या सुमारास तंजावरला गेले आणि 1687 मध्ये मोगलांनी बेंगळुरू घेऊन ते तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकले. भोसल्यांचा बेंगळुरूशी संबंध तिथे संपला. ज्या वाड्यात हे कुटुंब राहिले त्याचा आज मागमूस नाही. तरी त्या दरबारात कोण होते, कसले काव्य चाले, किती भाषांचे कवी जमत, हे आपल्याला कळते ते जयराम पिंडे यांनी लिहून ठेवले म्हणून. त्यांचा 'राधामाधवविलासचंपू' इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1922 मध्ये छापला, तेव्हा जवळजवळ पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे बेंगळुरूतले एक घर पुन्हा नावांनिशी उभे राहिले. वाडा गेला, पण टिपण उरले.

याच घराण्याने पुढे जे केले ते अधिक विचार करण्यासारखे आहे. 1799 च्या तहाने तंजावरचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि सरफोजीराजे दुसरे यांच्या हाती जवळपास फक्त किल्ला आणि नेमणूक राहिली. त्यानंतर चारच वर्षांनी, 1803 मध्ये, त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. मराठीतला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो. त्यात शहाजीराजे आहेत, एकोजी आहेत, लग्ने आहेत, मुले आहेत, कोण कोणानंतर गादीवर आला ते आहे. राज्य हातातून गेल्यावर राजाला आधी काय वाचवावेसे वाटले, तर वंशाची कहाणी, आणि तीही परक्या मुलखात, आपल्या भाषेत. दूरदेशी गेलेल्या मराठी घरांची ओढ दोनशे वर्षांपूर्वीही हीच होती. अर्थात त्या लेखात इतिहासकारांना न पटणारे पुष्कळ काही आहे. राजवंशाला शोभेल असा लांबचा पूर्वेतिहास त्यात गुंफलेला आहे. त्याकडे पुढे वळू.

तंजावरच्या त्या मराठी जगातली काही घरे पुढे बेंगळुरूला आली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पुत्र टी. आनंदराव 1909 ते 1912 म्हैसूर संस्थानचे दिवाण होते. त्यांच्या आधीचे व्ही. पी. माधवराव हेही त्याच मराठी समाजातले आणि आनंदरावांच्या मागून दिवाण झाले ते विश्वेश्वरय्या. बेंगळुरूच्या मॅजेस्टिक स्थानकाकडून निघालेल्या बस ज्या आनंदराव सर्कलवरून जातात, ते याच आनंदरावांच्या नावाचे. नाव रोज हजारोंच्या तोंडी आहे. हा आनंदराव कोण, कुठला, घरात कोणती भाषा बोलणारा, हे मात्र किती जणांना सांगता येईल? इतक्या मोठ्या पदावरच्या माणसाचे शंभर वर्षांत हे होते, तर बिन्नी मिलमध्ये किंवा एचएएलमध्ये आयुष्य काढलेल्या आजोबांचे आपल्याच घरात काय होणार, याचा अंदाज करावा. तंजावर मराठी बोलणाऱ्या घरांपुढे तर आणखी एक अडचण आहे. पूर्वजांची कागदपत्रे मोडीत, आताची पिढी तमिळ, कन्नड किंवा रोमन लिपीत लिहिणारी. बोली घरात जिवंत आहे, पण तिचा कागद वाचता येत नाही. अशा घरांत आजीचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे मोडी कागदांच्या गठ्ठ्याइतकेच मोलाचे काम आहे. शिलालेखाला, बखरीला किंवा छापील ग्रंथाला जे कधीच जमले नसते, ते डिजिटल पानाला जमते: माणूस शब्द कसा उच्चारत होता ते ऐकवणे.

महाराष्ट्रात या कामाच्या दोन भक्कम रीती होत्या. एक तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. नाशिक-त्र्यंबकेश्वराला गेलेला यात्रेकरू आपल्या गावाच्या आणि आडनावाच्या उपाध्यायाकडे उतरे. उपाध्याय वही काढी, मागे आलेल्या आजा-पणजाची नोंद वाचून दाखवी, आणि मग यात्रेकरू स्वतःच्या हाताने आपले नाव, बापाचे नाव, भावांची आणि मुलांची नावे, सोबत कोण आले, कशासाठी आले, हे लिहून सही करी. या रीतीत तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: प्रत्यक्ष माणसाचे हस्ताक्षर, ठरावीक मजकूर, आणि ती वही सांभाळणे ज्याच्या उपजीविकेचा भाग आहे असा त्रयस्थ माणूस. दुसरी रीत कुलवृत्तांतांची. विसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. संपादक छापील प्रश्नावली गावोगावच्या कुलबंधूंना पाठवत, उत्तरे आली नाहीत की पुन्हा पत्रे टाकत, देवक, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव विचारत आणि पिढ्यांना क्रमांक देऊन प्रत्येकाची छोटी टीप लिहीत: जन्म, शिक्षण, नोकरीचे गाव, पत्नीचे माहेरचे नाव, मुली कुठे दिल्या. या ग्रंथांत फोटो थोडे आणि धूसर. तरीही आज एखाद्याला आपल्या खापरपणजोबांच्या भावाचे काय झाले हे शोधायचे असेल, तर हाच ग्रंथ उघडावा लागतो.

पाश्चात्त्य स्क्रॅपबुकाचा इतिहासही, बारकाईने पाहिला तर, याच दिशेला जातो. कात्रणे चिकटवण्याचा छंद तिकडे जुना. मार्क ट्वेन यांनी आयता डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचे पेटंट 1873 मध्ये घेतले होते. पण कुटुंबाच्या आठवणींचे स्क्रॅपबुक ही आजची चळवळ उभी राहिली ती 1980 नंतर. त्या वर्षी सॉल्ट लेक सिटीत नोंदी आणि वंशावळींविषयीची जागतिक परिषद मॉर्मन पंथाने भरवली होती आणि तिथे मॅरिलेन क्रिस्टेन्सन या गृहिणीने आपल्या कुटुंबाचे पन्नास खंड मांडले. आज जे रंगीत कागद, किनारी आणि चिकटचित्रे यांचे बाजारी रूप आपण पाहतो, त्याचा उगम वंशावळी लिहिणाऱ्यांच्या परिषदेत आहे. याच मॉर्मनांच्या यूटा येथील वंशावळ संस्थेने 1970 आणि 80 च्या दशकांत हरिद्वारसह आपल्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती घेतल्या होत्या. त्यांना आपल्या वह्यांचे मोल कळले, आणि आपण मात्र त्यांच्याकडून किनारीच तेवढ्या उचलल्या.

आपल्या घरांत फोटो आला तो स्टुडिओच्या वाटेने. बेंगळुरूत जी. के. वेल यांचे दुकान 1910 पासूनचे. शहरातल्या कित्येक घरांच्या भिंतींवरची आजोबा-आजींची जोडी अशाच स्टुडिओंत बसली. मग अल्बम आले: काळी जाड पाने, मध्ये पारदर्शक जाळीदार कागद, फोटोच्या चार कोपऱ्यांना चिकटवलेले कागदी कोपरे. कोपऱ्यांचा फायदा असा की फोटो काढून त्याची पाठ पाहता येई, आणि पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले असे: नाव, गाव, साल. पुढे चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम आले. त्यांच्या डिंकाने फोटो पिवळे पडले आणि पाठ कायमची बंद झाली. 2000 नंतर लग्नाच्या फोटोंत करिझ्मा अल्बम आला, तो तर खऱ्या अर्थाने आपल्याकडचे पहिले लोकप्रिय डिजिटल स्क्रॅपबुक. बारा बाय छत्तीस इंचांचे उघडे पान, संगणकावर आयत्या साच्यात बसवलेले फोटो, मागे कमळे, राजवाडे, सूर्यास्त. 2007 मध्ये बेंगळुरूतच कॅनव्हेरा ही कंपनी उभी राहिली. व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी अशी छापील फोटोपुस्तके करणे हाच तिचा धंदा. छपाई आणि बांधणी यांत या सगळ्यांनी मोठी मजल मारली. पण यांतला कोणताही लग्नाचा अल्बम उघडून पाहा: वधूवरांची नावे आणि तारीख पहिल्या पानावर सोनेरी अक्षरांत, आणि नंतर एकाही माणसाखाली नाव नाही. पंगतीत वाढणारा तो उंच मुलगा कोण, नवरीच्या मागे करवली म्हणून उभी कोण, मांडवात सर्वांत पुढे बसलेल्या नऊवारीतल्या बाई कोण? पंधरा वर्षांनी त्या घरातलाच माणूस 'कोणीतरी तुमच्याकडचे' असे म्हणू लागतो. अप्सरा आणि चंद्रसूर्य सगळे आहे, लेख नाही.

फोन आल्यावर हे अधिक बिघडले. फोनचा कॅमेरा खरे तर प्रत्येक फोटोच्या पोटात दिवस, वेळ, आणि परवानगी असेल तर ठिकाणही नोंदवतो. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला की ही नोंद गळून पडते आणि फोटोही आक्रसतो. हाती येते ते 'आयएमजी', त्यापुढे आठ आकडी तारीख, मग 'डब्ल्यूए' आणि क्रमांक असे नाव. ती तारीख फोटो काढल्याची नसते, तो व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याची असते. 1964 चा साखरपुड्याचा फोटो मावशीने 2019 च्या एप्रिलमध्ये कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला, तर फोनच्या लेखी तो साखरपुडा 2019 चा. जुन्या फोटोच्या पाठीवरची पेन्सिल यापेक्षा प्रामाणिक होती. म्हणून डिजिटल चिकटवहीत मजकूर हवाच, आणि तो माणसाने लिहिलेला हवा. मुंबईतून 2010 मध्ये अनुषा यादव यांनी सुरू केलेल्या 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट'ने हे बरोबर ओळखले. तिथे घरातला जुना फोटो येतो तो त्यामागच्या हकिकतीसह, आणि त्या हकिकतीमुळेच एका घराचा फोटो दुसऱ्या घराला वाचावासा वाटतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो टिकाऊपणाचा, आणि तो वजनदार आहे. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झाले. त्यावरचे 'स्क्रॅप' आणि अल्बम ज्यांनी वेळेत उतरवून घेतले नाहीत त्यांचे गेले. फ्लॅशवर चालणारी हलती पाने 2020 च्या अखेरीस मुकी झाली. गुगल फोटोंची अमर्याद फुकट जागा 1 जून 2021 पासून संपली. मग कागदच बरा, असे म्हणणारे चुकीचे नाहीत, पण त्यांनी 12 जुलै 1961 ची आठवण ठेवावी. पानशेत धरण फुटले त्या दिवशी पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतून किती घरांचे कागद आणि फोटो वाहून गेले, याचा हिशेब कोणी मांडू शकलेला नाही. कागद एकाच जागी असतो, म्हणून एकाच पुरात जातो. बी. एल. राइस यांनी 1905 मध्ये 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या नवव्या खंडात बेंगळुरू जिल्ह्याचे शिलालेख छापले. शहर वाढले तसे त्यांतले अनेक दगड रस्ते आणि इमारतींखाली नाहीसे झाले. दगड गेले, पण राइसांच्या छापील प्रतीमुळे लेख राहिले. आता बेंगळुरूचीच 1909 सालची मिथिक सोसायटी उरलेल्या शिलांची त्रिमितीय स्कॅन प्रत करते आहे, त्यामागेही हाच विचार आहे. दगडाहून टिकाऊ काय? तर तीन ठिकाणी असलेली प्रत. डिजिटल वस्तूचे खरे बळ तिच्या नकलेत आहे, आणि ती नक्कल करण्याची तसदी घेतली नाही तर तिच्याइतकी नाशिवंत वस्तू दुसरी नाही.

दुसरा आक्षेप खरेपणाचा. निवडून, सजवून मांडलेले पान म्हणजे घराची जाहिरात. भांडणे, कर्जे, मोडलेली लग्ने त्यात येत नाहीत. हे कबूल केले पाहिजे. सरफोजीराजांनीही आपल्या घराण्याला शोभेल तेच कोरले. पण त्या लेखातल्या चुका इतिहासकारांना दाखवता आल्या, कारण मजकूर समोर होता, नावे आणि क्रम समोर होते, आणि दुसऱ्या कागदाशी ते ताडता आले. मुक्या वीरगळाची चूक कोणालाच काढता येत नाही. तेव्हा उपाय एवढाच, की पानावर जे लिहिले ते कोणी सांगितले हेही लिहावे: 'मोठ्या काकूंच्या सांगण्यावरून', 'दाखल्यावरून', 'अंदाजे'. कुलवृत्तांतांचे चांगले संपादक अशी भाषा वापरत आले आहेत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो जुन्या रीतीच्याच मर्मावर आहे. कुलवृत्तांत हे पुरुषांच्या वंशाचे पुस्तक होते, आणि ते छापणे मुख्यतः शिकलेल्या, पैसा आणि सवड असलेल्या जातींना परवडले. मुलगी 'अमक्याकडे दिली' या दोन शब्दांत पुस्तकातून बाहेर पडे. तिचे शिक्षण, तिची नोकरी, तिची मुले दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर. शेतमजुराच्या, गिरणी कामगाराच्या घराला तर तेवढीही जागा नव्हती. मग त्या रीतीची वारसदारी मिरवायची कशाला? माझे उत्तर असे की शिस्त घ्यावी आणि चौकट मोडावी. डिजिटल पानाला आडनावाची सक्ती नाही. आईच्या बाजूची पाच पाने आणि बापाच्या बाजूची दोन, असे कोणी केले तर अडवणारे कोणी नाही. छपाईला लागणारा पैसा लागत नाही, साध्या फोनवरही चार फोटो आणि चार ओळी एकत्र ठेवता येतात. आणि बायकांनी घराच्या नोंदी ठेवल्याच नाहीत असेही नाही. 1973 पासून घरोघरी लटकलेल्या 'कालनिर्णय'च्या चौकोनांत दुधाचा खाडा कधी, गॅस कधी लावला, बाळाला लस कधी दिली, सासूबाई गावी कधी गेल्या, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. घराचा तो रोजनामाच. वर्ष संपले की आपण तो रद्दीत घालतो. चिकटवहीत पहिले स्कॅन करण्याजोगी वस्तू शोधत असाल, तर जुन्या कालनिर्णयाचे एक पान घ्या. त्यात ज्या घराचा इतिहास आहे तो कोणत्याही कुलवृत्तांतात सापडणार नाही.

लहान मुलांचे फोटो, आजारपणाचे कागद, मालमत्तेचे दस्त सगळ्यांसमोर मांडू नयेत, ही काळजीही रास्त आहे. पण जतन करणे आणि जाहीर करणे ही दोन वेगळी कामे आहेत. उपाध्यायाची वही सांभाळली जात असे, पण ती चव्हाट्यावर वाचली जात नसे. घरच्या पानांचेही तसेच करता येते.

तेव्हा ज्यांच्या घरात आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेले माणूस आहे, त्यांना विनंती आहे. पुढच्या सणाला सगळे जमतील तेव्हा पन्नासच फोटो निवडा, जास्त नकोत. ते त्यांच्यासमोर एकेक धरा, फोनवर आवाज मुद्रित करत राहा, आणि प्रत्येकाखाली डावीकडून उजवीकडे सगळी नावे, नाते, गाव, साल आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. साल ठाऊक नसेल तर 'अंदाजे' लिहा, पण रिकामे सोडू नका. किनार आणि फुले नंतर लावा, किंवा लावूच नका. मग ते पान तीन घरांत ठेवा, त्यांतले एक मुलीचे असू द्या, आणि एक प्रत कागदावर छापून घ्या.